वटवाघूळ आणि टेटू: तुलना-प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५

एक प्राणी आणि एक वनस्पती यांची एकाच तक्त्यात तुलना करायची आहे. जोडी ठरली. प्राण्यांमधून आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ, शास्त्रीय नाव सायनॉप्टेरस स्फिंक्स. वनस्पतींमधून टेटू, म्हणजे ओरॉक्झायलम इंडिकम. दोन्ही जाती भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या आहेत आणि मुख्य म्हणजे दोघांची गाठ पडते. टेटूचे फूल रात्री उमलते आणि हे वटवाघूळ मकरंदासाठी त्यावर येते. कुठलाही एक प्राणी आणि कुठलीही एक वनस्पती घेतली असती तरी तक्ता भरला असता, पण त्यातून हाती काहीच लागले नसते.

तक्त्याच्या ओळींची विभागणी आजच करून ठेवली. पहिल्या गटात दोन्हीकडे एकाच एककात मोजता येणाऱ्या गोष्टी: वस्तुमान, ऊर्जा, पाण्याचे प्रमाण. दुसऱ्या गटात जोडीच्या ओळी, म्हणजे एकाचे माप दुसऱ्याच्या मापाशेजारी ठेवल्यावरच ज्यांना अर्थ येतो अशा: फुलाच्या तोंडाची रुंदी आणि डोक्याची रुंदी, उमलण्याची वेळ आणि बाहेर पडण्याची वेळ. तिसऱ्या गटात फक्त माहितीपुरत्या ओळी. या तिसऱ्या गटावर कात्री चालवायची आहे. उदाहरणार्थ गुणसूत्रे: वटवाघळाची ३४, टेटूची २८. आकडे दिसायला छान आहेत, पण ३४ आणि २८ यांच्यातला फरक काहीही सांगत नाही. गुणसूत्रे किती तुकड्यांत विभागली गेली हे त्या त्या वंशाच्या इतिहासावर ठरते. सजीव किती गुंतागुंतीचा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ओळ कापली. 'उंची' आणि 'आयुष्य' याही कापल्या.

५ जून

नावांचा रकाना. हे काम किरकोळ वाटते, पण माहिती एकत्र करताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण प्राणी आणि वनस्पती यांचे नामकरणाचे नियम वेगवेगळे आहेत.

वटवाघळाचे पूर्ण नाव: सायनॉप्टेरस स्फिंक्स (व्हाल, १७९७). कंसाचा अर्थ असा, की मार्टिन व्हालने ही जात वर्णिली तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, नावाचा पहिला शब्द), व्हेस्परटिलिओमध्ये, ठेवली होती. ती तिथून कोणी हलवली हे प्राण्यांच्या नावात लिहीत नाहीत. वर्ष मात्र स्वल्पविराम देऊन लिहितात.

टेटूचे पूर्ण नाव: ओरॉक्झायलम इंडिकम (लि.) कुर्झ. इथे कंसात मूळ नाव देणारा, म्हणजे लिनियस, आणि कंसाबाहेर आजच्या प्रजातीत हलवणारा, म्हणजे कुर्झ. वर्ष नाही. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला बिग्नोनिया इंडिका म्हटले होते. प्रजाती बदलली तसे जातिवाचक विशेषणाचे लिंगही बदलले आणि 'इंडिका'चे 'इंडिकम' झाले. 'स्फिंक्स' हे नाम असल्यामुळे प्रजाती बदलूनही जसेच्या तसे राहिले.

दोन्ही जातींच्या नोंदी एकाच तक्त्यात ओढायच्या असतील तर 'कर्ता' आणि 'वर्ष' हे रकाने सरळ जुळवू नयेत. वनस्पतींचा वर्षाचा रकाना रिकामा येतो आणि काही प्रणाली त्या जागी शून्य भरतात. दुसरा धोका याहून मोठा आहे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या संहिता एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे एकच प्रजातीनाम दोन्हीकडे चालते. ईनँथी ही एक पक्ष्यांची प्रजाती आहे आणि एक वनस्पतींचीही. म्हणून जुळणी प्रजातीच्या नावावर कधीही करायची नाही. सृष्टी, कुळ आणि जात हे तिन्ही रकाने मिळूनच करायची. आपल्या जोडीत असा नामसाधर्म्याचा प्रश्न नाही, पण पुढे याच साच्यात दुसरी जोडी भरली जाईल, तेव्हा नियम आताच लावून घेतलेला बरा.

व्हाल हा मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, लिनियसचा विद्यार्थी. वटवाघळाचा मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून जात वर्णिली तो, तमिळनाडूतल्या तरंगंबाडीचा.

९ जून

वटवाघळाच्या मापांची पद्धत निश्चित केली. पकडण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी हाती असल्याशिवाय जाळे उघडायचे नाही. हाताळणाऱ्या प्रत्येकाचे रेबीजचे प्रतिबंधक लसीकरण झालेले हवे. चामड्याचा पातळ हातमोजा, त्यावर नायट्राइलचा मोजा, तोंडावर एन-९५ मास्क.

जाळे बारीक धाग्याचे, दर १० मिनिटांनी पाहायचे. जास्त वेळ अडकलेले वटवाघूळ धागा चावून तोडते आणि पंखाच्या पडद्याला पीळ देते. पावसाचा थेंब पडला की जाळे गुंडाळायचे, कारण ओले वटवाघूळ लगेच गारठते. पोटुशी किंवा पिल्लाला पाजणारी मादी दिसली तर फक्त जात आणि लिंग नोंदवून सोडून द्यायची. हा नियम जून-जुलैत कटाक्षाने पाळायचा. या जातीत वर्षातून दोनदा पिल्ले होतात, भारतात साधारण फेब्रुवारी-मार्च आणि जून-जुलै, आणि दर वेळी एकच पिल्लू.

मुख्य माप म्हणजे अग्रबाहू, कोपरापासून मनगटापर्यंत. पंख मिटलेला ठेवून व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत घ्यायचे. सायनॉप्टेरस स्फिंक्सचा अग्रबाहू साधारण ६४ ते ७९ मिमी. त्याच्याच प्रजातीतले लहान भावंड, सायनॉप्टेरस ब्रॅकिओटिस, याच्या खाली भरते. इथे नेहमी होणारी चूक अशी: स्फिंक्सचे वाढीतले पिल्लू ६१-६२ मिमी भरते आणि ब्रॅकिओटिस म्हणून नोंदले जाते. उपाय सोपा आहे. पंख उघडून बोटांच्या सांध्यामागे टॉर्च धरायचा. सांध्याजवळ हाडात फिकट, अर्धपारदर्शक पट्टा दिसला तर हाड अजून वाढते आहे आणि ते माप जात ठरवायला वापरायचे नाही. पट्टा दिसत नसेल आणि सांधा गाठीसारखा गोल असेल तर प्राणी प्रौढ आहे. जोडीला कानाची लांबी घ्यावी. स्फिंक्सचा कान मोठा असतो आणि त्याला पांढरट किनार असते.

वजन कापडी पिशवीसकट १०० ग्रॅमच्या स्प्रिंग काट्यावर करायचे आणि पिशवी नंतर पुन्हा तोलायची. पिशवी आधी तोलून ठेवली तर तिच्यात शिरलेली विष्ठा आणि दमटपणा वजनात जमा होतो. दात ३०, पण दात मोजायला तोंड उघडायची गरज नाही. ओळख त्याआधीच पक्की झालेली असते.

१४ जून

टेटूवर पहिले फुलोरे आले.

हे झाड मोजायला अवघड आहे. खोड सरळ, फांद्या थोड्या, लाकूड मऊ आणि फुलोरा शेंड्यावर उभा, पानांच्या वर निघालेला. वटवाघळाला मोकळ्या हवेतून थेट येता यावे म्हणून ही रचना सोयीची आहे, मोजणाऱ्यासाठी मात्र नाही. झाडावर चढू नये, फांदी भार घेत नाही. शेजारच्या भक्कम झाडावरून किंवा उतारावरच्या झाडाच्या वरच्या बाजूने पोहोचावे. ते शक्य नसेल तर शिडीच्या टप्प्यातला बुटका फुलोरा निवडावा आणि तो बुटका होता हे नोंदवावे, कारण वटवाघळे वरच्या फुलोऱ्यांवर जास्त येतात की खालच्या, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो उत्तरात मिसळू द्यायचा नाही.

फूल जवळून पाहिले तर सगळे जाड आणि मांसल लागते. पुष्पकोश चामड्यासारखा, घंटेच्या आकाराचा. पाकळ्या बाहेरून काळपट जांभळट-तांबड्या, आतून फिकट, कडेला चुरगळलेल्या. दाबले तर बोटाला ओल लागते आणि कुबट, उग्र वास येतो. तोंडाची रुंदी साधारण ५ ते ८ सेंमी. पुंकेसर ५ आणि पाचही कामाचे; पाचवा थोडा आखूड. बिग्नोनियाच्या कुळात, म्हणजे टेटूच्याच कुळात, बहुतेक ठिकाणी चारच पुंकेसर कामाचे असतात आणि पाचवा वांझ असतो, म्हणून ही गोष्ट ओळखीला उपयोगी पडते.

जोडीची पहिली ओळ इथे भरली: तोंड ५ ते ८ सेंमी, वटवाघळाच्या डोक्याची रुंदी २ सेंमीच्या आसपास. म्हणजे डोके आत जाते आणि आजूबाजूला जागा उरते. ती जागा महत्त्वाची. डोके घट्ट बसले असते तर परागकण कायम एकाच जागी लागले असते. इथे कपाळ, मान, खांदे सगळीकडे लागतात. म्हणून परागकणांचा नमुना घेताना फक्त नाकाचा टोक पुसून भागणार नाही.

रुंदी मोजताना पाकळ्या ताणायच्या नाहीत. फूल सकाळी गळून पडते. गळालेल्या फुलाची पाकळी तासाभरात लोळागोळा होते आणि माप कमी येते. मापे उमलल्यापासून दोन तासांच्या आत, फूल झाडावर असतानाच घ्यायची.

२१ जून

फुलावर कोण येते ते नोंदण्यासाठी अल्ट्रासाउंड डिटेक्टर आणायचा प्रस्ताव आला होता. तो इथे चालणार नाही. कीटकभक्षी वटवाघळे घशातून उच्च वारंवारतेचे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनीवर चालतात; डिटेक्टर तेच पकडतो. फलाहारी वटवाघळांच्या कुळात घशातून असा आवाज काढण्याची रीत नाही. अपवाद राउझेटस प्रजातीचा, ती जिभेने टकटक करते. सायनॉप्टेरस डोळ्यांवर आणि नाकावर चालतो. फुलोऱ्याखाली डिटेक्टर लावला तर रात्रभर कीटकभक्षी वटवाघळांच्या नोंदी मिळतील, त्या फुलाभोवतीच्या किड्यांसाठी आलेल्यांच्या असतील, आणि खरा पाहुणा एकदाही नोंदला जाणार नाही. ही चूक फार सहज होते, कारण नोंदी भरपूर येतात आणि यंत्र बरोबर चालत असते.

म्हणून इन्फ्रारेड दिव्यासह सलग व्हिडिओ. उष्णतेवर चालू होणारे ट्रॅप कॅमेरे टाळायचे. वटवाघूळ फुलावर सेकंद-दोन सेकंदच टेकते आणि कॅमेरा जागा होईपर्यंत निघून जाते. दिवा ९४० नॅनोमीटरचा घ्यावा. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश जास्त लांब जातो, पण दिव्याच्या तोंडाशी तांबूस ठिपका दिसतो. भिंग पावसापासून झाकावे, पण झाकणाची कड चौकटीत येऊ देऊ नये. तिच्यावरून परतलेला प्रकाश सगळे चित्र पांढरे करतो.

पुरावा गोळा करायची स्वस्त पद्धतही ठेवली आहे. पहाटे झाडाखाली पडलेली फुले उचलून पाकळीच्या आतली कड पाहायची. वटवाघूळ टेकताना अंगठ्याच्या नख्या रुतवते, त्याचे बारीक ओरखडे मांसल पाकळीवर उमटतात आणि काही वेळाने तपकिरी होतात. किड्याने कुरतडलेली कड वेडीवाकडी आणि आरपार असते. नखीची खूण जोडीने, आरपार न गेलेली. दिवस चढल्यावर उचललेल्या फुलांवर या दोन्ही खुणा मिसळतात, म्हणून उजाडताच उचलायची.

२८ जून

मकरंद.

कळ्या दुपारी हेराव्यात. आज रात्री उमलणारी कळी फुगलेली असते आणि टोकाशी पाकळ्यांच्या घड्या सैल झालेल्या असतात. एका फुलोऱ्यावर एका रात्री मोजकीच फुले उमलतात आणि हा क्रम पुष्कळ दिवस चालतो, त्यामुळे कळी ओळखायला चुकलो तर त्या फुलोऱ्याची रात्र वाया जाते. निवडलेल्या कळीवर नायलॉनच्या बारीक जाळीची पिशवी चढवावी. पिशवीच्या तोंडाशी दोरीच्या आत कापूस दाबून त्यावर पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढावा. नाहीतर मुंग्या आत शिरतात आणि सकाळपर्यंत मकरंद संपवतात. जाळी पाकळीला टेकू देऊ नये, नाहीतर मकरंद जाळीत शोषला जातो. आत तारेचे एक वेटोळे घातले की पिशवी फुगलेली राहते.

वटवाघळांच्या फुलांत मकरंद भरपूर असतो, म्हणून ५ मायक्रोलिटरच्या काचनळ्या इथे कामाच्या नाहीत. बोथट टोकाची सुई लावलेली १ मिलिची सिरिंज घ्यावी, फुलाच्या तळाशी, अंडाशयाभोवतीच्या चकतीपर्यंत सुई हळू न्यावी. अंडाशयाला टोचले तर वनस्पतीचा रस मिसळतो आणि गोडी खोटी वाचली जाते.

गोडी हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, ० ते ३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे द्रावणातल्या साखरेचे वजनी टक्के). दोन थेंब, काच बंद करून अर्धा मिनिट थांबायचे म्हणजे तापमान स्थिर होते. रात्रीच्या सुरुवातीला यंत्र शुद्ध पाण्यावर शून्याला आणावे आणि मध्यरात्री पुन्हा तपासावे, कारण हवा थंड होत जाते तसे शून्य सरकते. पावसाच्या रात्रीचे वाचन वेगळ्या रकान्यात. ओल्या पाकळीवरून ओघळलेले पाणी मिसळले तर गोडी निम्म्यावर येते आणि सरासरीत ते कळतही नाही.

६ जुलै

ऊर्जेची ओळ. संपूर्ण तक्त्यातली हीच ओळ सर्वांत जास्त मोलाची, कारण इथे झाड आणि प्राणी एकाच एककात बोलतात: किलोज्यूल.

ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणातली साखर, १०० मिलिमधली नव्हे. हा फरक न केल्यामुळे बरेच हिशेब बिघडतात. उदाहरणासाठी १७ ब्रिक्स धरू. वटवाघळांच्या फुलांत १५ ते २० च्या दरम्यानची पातळ गोडी नेहमीची आहे. १७ टक्के साखरेच्या पाण्याची घनता साधारण १.०६८. म्हणजे १ मिलिमध्ये ०.१७ × १.०६८ = ०.१८ ग्रॅम साखर. सुक्रोजच्या एका ग्रॅममध्ये १६.५ किलोज्यूल, म्हणून १ मिलि मकरंदात सुमारे ३ किलोज्यूल. मकरंदात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतील तर हा आकडा साधारण ५ टक्के कमी करावा.

वटवाघळाची बाजू. हिशेबासाठी वजन ४५ ग्रॅम. सस्तन प्राण्यांच्या विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चाचे नेहमीचे सूत्र: ३.४ वॅट × (किलोग्रॅममधले वजन) याचा ०.७५ घात. ०.०४५ चा ०.७५ घात ०.०९७७, गुणाकार ०.३३ वॅट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून सुमारे २८.७ किलोज्यूल. म्हणजे नुसते टांगून राहायलाही १७ ब्रिक्सचा साडेनऊ मिलि मकरंद लागेल. उडणे, ऊब राखणे, पिल्लाला पाजणे हे सगळे यावर, आणि त्याने आकडा काही पटींनी चढतो. जून-जुलैत पाजणाऱ्या माद्या असतात आणि टेटूचा बहरही त्याच सुमारास असतो. हे दोन्ही एकमेकांमुळे घडते असे म्हणायला आपल्याकडे आधार नाही, दोन्ही पावसाळ्याशी बांधलेले आहेत. पण तक्त्यात हे दोन महिने शेजारी-शेजारी दिसलेच पाहिजेत.

सूत्राचा आकडा आणि मोजलेला आकडा एकाच रंगात लिहू नये. सूत्र हे सगळ्या सस्तन प्राण्यांची सरासरी आहे, प्रत्यक्ष जात त्याच्या वर-खाली असते.

झाडाच्या बाजूने फुलाची किंमत धरायची तर ओले वजन निरुपयोगी. मांसल पाकळीत पाणीच फार. फूल ६५ अंशांवर ४८ ते ७२ तास, सलग दोन वजने सारखी येईपर्यंत वाळवायचे; वनस्पतीच्या सुक्या पदार्थात ग्रॅमला साधारण १७ किलोज्यूल. मग 'फूल बांधायला किती' आणि 'मकरंदात किती दिले' या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढता येते. संपूर्ण झाडाची प्रकाशसंश्लेषणाची कमाई या तक्त्यात आणायचा मोह टाळावा. त्या आकड्याची वटवाघळाच्या खर्चाशी तुलना करून काहीच कळत नाही.

१२ जुलै

परागकण उचलण्यासाठी रंगीत जेली तयार केली. प्रमाण: पाणी ३५ मिलि, जिलेटिन १० ग्रॅम, ग्लिसरीन ३० मिलि, फिनॉलचे स्फटिक १ ग्रॅम आणि बेसिक फुक्सिनचे काही कण. जिलेटिन थंड पाण्यात अर्धा तास भिजत घालावे, मग पाण्याच्या वाफेवर वितळवावे, ग्लिसरीन आणि फिनॉल घालून हळू ढवळावे, शेवटी रंग. उकळू देऊ नये. उकळलेले जिलेटिन पुन्हा नीट घट्ट होत नाही. जोरात ढवळले तर बुडबुडे अडकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कणांसारखे दिसतात. फिनॉल त्वचा भाजते. हातमोजे आणि उघडी खिडकी. रंग फिकट गुलाबी पुरे. गडद झाला तर कणावरची नक्षी झाकते.

वापर: ३ मिमीचा तुकडा चिमट्यात धरून कपाळ, गळा, खांदे, पोट अशा ठरलेल्या क्रमाने टेकवायचा, प्रत्येक भागासाठी नवा तुकडा. तो स्लाइडवर ठेवून नुसता वितळेपर्यंत गरम करायचा आणि कव्हरस्लिप टाकायची.

सर्वांत मोठा धोका आदल्या प्राण्याच्या परागकणांचा. कापडी पिशवीत वटवाघूळ पाच मिनिटे राहिले तरी पिशवीत कण सांडतात आणि पुढच्याला चिकटतात. म्हणून नमुना जाळ्याशीच घ्यायचा, पिशवीत टाकण्याआधी, आणि पिशवी एका प्राण्याला एकच. जाळ्याच्या रिकाम्या भागावरूनही एक तुकडा फिरवून त्याची वेगळी स्लाइड ठेवायची. त्या स्लाइडवर टेटूचे कण दिसले तर त्या रात्रीच्या सगळ्या आकड्यांकडे साशंकतेने पाहावे.

तुलनेसाठी टेटूच्या न उमललेल्या परागकोशातली स्लाइड याच जेलीत केली. ग्लिसरीनमध्ये कण फुगतात. रसायनांनी धुऊन केलेल्या स्लाइडवरची मापे या मापांशी जुळत नाहीत. त्याच झाडीत पाडळ असेल तर तिचीही स्लाइड हवी, कारण तीही याच कुळातली.

२० जुलै

हाताने परागण. पाच प्रकार: उघडे फूल, पूर्ण वेळ झाकलेले, रात्री झाकून पहाटे उघडलेले, झाकून त्याच झाडाचे पराग, झाकून दुसऱ्या झाडाचे पराग. तिसरा प्रकार वगळू नये. सकाळी मधमाश्या येतात, आणि फूल गळण्यापूर्वीच्या थोड्या वेळात त्यांनी काय साधले हे त्यातूनच कळते.

कुक्षी, म्हणजे पराग जिथे पडायला हवेत ते स्त्रीकेसराचे टोक, दोन पाळ्यांची, उघडी असताना चपट्या चोचीसारखी. मऊ कुंचल्याचा केस लागला तरी दोन्ही पाळ्या जवळ येऊ लागतात आणि थोड्या सेकंदांत मिटतात. पराग नसताना नुसताच धक्का लागला असेल तर त्या काही वेळाने पुन्हा उघडतात. याचा कामावर थेट परिणाम होतो. पहिल्याच स्पर्शात पुरेसे पराग गेले पाहिजेत, दुसरी संधी मिळेपर्यंत बराच वेळ जातो. कुंचला भरून घ्यावा, पाळीच्या आतल्या बाजूला एकदाच टेकवावा. चाचपडत दोन-तीनदा लावणारे मिटलेल्या पाळीच्या बाहेरून पराग पुसत बसतात आणि मग 'परपरागणही यशस्वी झाले नाही' असा उलटा निष्कर्ष निघतो.

परागकोश उमलण्यापूर्वी काढायचे असतील तर कळीला एका बाजूने उभी चीर द्यावी, पाकळ्यांचे टोक छाटू नये. दुसऱ्या झाडाचे पराग त्याच रात्रीचे, किमान दोन झाडांचे मिसळून. जवळची झाडे एकाच बियाण्याची भावंडे असू शकतात. शक्य तितके लांबचे झाड निवडावे.

निकालाची घाई नको. या कुळात बऱ्याच जातींत स्वतःच्या परागाला नकार उशिरा मिळतो: परागनलिका अंडाशयापर्यंत जाते, फळ धरल्यासारखे दिसते आणि काही दिवसांनी गळते. आठवड्याने मोजले तर स्वपरागण यशस्वी दिसेल. मोजणी दोनदा, सात दिवसांनी आणि चार आठवड्यांनी, दोन्ही आकडे ठेवून.

२ ऑगस्ट

डीएनए. दोन्ही बाजूंचे काम समांतर चालवले, पण पद्धती एकमेकींच्या कामाच्या नाहीत.

वटवाघूळ: पंखाच्या पडद्याचा ३ मिमी गोल तुकडा, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून, ९५ टक्के इथेनॉलमध्ये. भोक काही आठवड्यांत भरून येते. प्रथिने विरघळवणारे प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर. मग डीएनए वेगळा करणारे नेहमीचे स्तंभाचे किट. यात बिघडण्यासारखे फार काही नाही, फक्त इथेनॉल पूर्ण उडू द्यावे.

टेटू: कोवळे पान, सिलिका जेलमध्ये वाळवलेले, जेल पानाच्या वजनाच्या किमान दहापट. द्रावण सीटॅबचे (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ): सीटॅब २ टक्के, मीठ १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८, पीव्हीपी २ टक्के, आणि ऐनवेळी मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर पाऊण तास, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, वरचा थर काढून दोन तृतीयांश घनफळ थंड आयसोप्रोपेनॉल. टेटूत फ्लॅव्होनॉइड भरपूर, बैकालिन आणि ओरॉक्झायलिन-ए ही त्याच गटातली. त्यामुळे साका तपकिरी येतो, आणि शर्करेमुळे चिकट. ही द्रव्ये धरून ठेवणारे पीव्हीपी वगळले की हे हमखास होते. २६०/२८० चे गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणावरून काढलेले शुद्धतेचे माप) १.८ दिसले म्हणून समाधान मानू नये. २६०/२३० दोनच्या बरेच खाली असेल तर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडतो. दहापट पातळ करून आणि बीएसए हे प्रथिन घालून पाहावे; नाहीतर क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा.

ओळखपट्टीचे, म्हणजे ज्यावरून जात ओळखायची ते, जनुकही वेगळे. प्राण्यांसाठी मायटोकॉन्ड्रियातला सीओआय, सुमारे ६५८ अक्षरांचा. वनस्पतींचा मायटोकॉन्ड्रिया इतक्या सावकाश बदलतो की तिथे सीओआय जाती वेगळ्या दाखवत नाही, म्हणून हरितलवकातली आरबीसीएल आणि मॅटके ही जनुके; ही जोडी २००९ मध्ये मान्य झाली. त्यामुळे 'जातीअंतर्गत फरक, टक्के' ही ओळ तक्त्यातून काढली. सीओआयमधला २ टक्के आणि आरबीसीएलमधला २ टक्के या दोन वेगळ्या घड्याळांवरच्या वेळा आहेत.

१८ ऑगस्ट

तक्ता पुन्हा वाचला. 'परागवाहक' या रकान्यात सायनॉप्टेरस स्फिंक्स एकटाच लिहिला होता; तो बदलून 'परागवाहकांपैकी एक' केला. आग्नेय आशियात टेटूवर इओनिक्टेरिस स्पेलिया हे गुहेत राहणारे मकरंदभोजी वटवाघूळ मुख्य पाहुणे आहे. त्याचे नाक लांब, जीभ लांब, आहारही बहुतेक मकरंद आणि परागकणांचा. सायनॉप्टेरसचा आहार मुख्यतः फळांचा. म्हणून ऊर्जेच्या हिशेबात 'टेटूवर जगते' असा अर्थ निघणारे वाक्य कुठेही राहता कामा नये. उलट बाजूने झाडाचे अवलंबित्व मात्र खरे आहे. फूल रात्रीचे, सकाळी गळणारे, आणि त्या वेळात मोठ्या तोंडाच्या मांसल फुलात शिरून कपाळभर पराग नेणारा वटवाघळांखेरीज दुसरा कोणी नाही. अवलंबित्वाचे दोन स्वतंत्र रकाने केले. हे असमान नाते एका रकान्यात मावत नाही.

धोक्यांच्या रकान्यातही हाच विषमपणा आहे. टेटूची मुळाची साल दशमुळात जाते, बृहत्पंचमुळातला तो एक घटक: बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण. मूळ सोलले की झाड जाते आणि झाडे एकमेकांपासून लांब राहिली की परागण कमी होते. वटवाघळाचा निवारा ताड आणि भेरली माडाच्या झुपक्यांत असतो. नर शिरा कुरतडून तंबू करतो आणि त्यात माद्यांचा गट ठेवतो. साफसफाई म्हणून ताडाची सुकी पाने आणि माडाचे जुने घोस छाटले की निवारा जातो. टेटू राखणाऱ्याने जवळचा भेरली माडही राखायला हवा, हे तक्त्यातल्या शिफारशीत ठळक अक्षरांत घातले आहे.

५ सप्टेंबर

चार आठवड्यांची फळमोजणी संपली. टिकलेल्या फळांना देठाशी ॲल्युमिनियमची नंबरपट्टी, सुती दोऱ्याने सैल बांधलेली. प्लास्टिकच्या पट्टीचा दोरा वाढत्या देठात रुततो आणि फळ गळते, मग ते नापसंत परागामुळे गळले की दोऱ्यामुळे हे कळत नाही.

फळ तलवारीसारखे, ४० सेंमीपासून १ मीटरपलीकडेही लांब होते आणि हिवाळ्यात पिकते. पिकून उकलले की कागदी पंखांच्या बिया वाऱ्यावर जातात आणि मोजणी संपते. म्हणून नोव्हेंबरपासून दर आठवड्याला पाहणी. शेंग तपकिरी झाली पण शिवण उकलली नाही अशा वेळी तिला जाळीची लांब पिशवी घालायची. बिया मोजताना भरलेली आणि पोकळ बी वेगळी करायची: पंखाच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे, गर असेल तर टणक लागते, नसेल तर दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटतात. पाचही प्रकारांची शेंगनिहाय पाकिटे वेगळी, पाकिटावर झाडाचा क्रमांक, फुलोऱ्याचा क्रमांक, परागणाची तारीख आणि प्रकार. बी पाकिटात घालण्यापूर्वी सावलीत दोन दिवस. ओलसर बी कागदात बंद केली की बुरशी धरते आणि उगवणीची ओळ रिकामी राहते.

उगवणीच्या चाचणीसाठी ट्रे, गाळलेली वाळू आणि पाकिटे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तयार हवीत.